रंध्यावरची बोटं

माझे थोरले दीर काविळीनं गेले आणि मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, थोरल्यांच्या हत्यारांच्या पेटीला कुलूप घातलं. घर सुतारकीवर चालणारं, तरी दोन पावसाळे ती पेटी कुणी उघडली नाही. मी लग्न होऊन गंगाखेडजवळच्या त्या गावात आले तेव्हा घरात तिचं नावही निघत नव्हतं.

मग मालकांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, लाकडी रंधा चिरला. शाळेच्या दारांचं काम हातात, आणि फळ्या तशाच पडलेल्या. मामा बाजाराला गेल्यावर मालकांनी कुलूप काढलं. आत भावाचा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, रंधा होता, गंजानं लाल झालेला. पेच हलेनात. हातोडा मारायचीही सोय नव्हती, बीड ठोक्यानं तडकतं. त्यांनी पेचांत रॉकेल सोडलं, आणि मी चिंधीला विटकरीची भुकटी लावून रंधा घासायला बसले. कान मात्र रस्त्याकडे.

लाल थर निघाला तसे एका बाजूला काळे डाग उघडे पडले. किती घासले तरी जाईनात. उजेडात धरून पाहिलं तर ती चार बोटं होती. घामेजल्या हातानं धरलेला रंधा न पुसताच पेटीत गेला होता, आणि घामानं तेवढं लोखंड खाल्लं होतं. मालकांनी पाहिलं आणि डाग खरवडून काढायला कानस घेऊन आले. तेवढ्यात मामा दारात उभे राहिले.

उघडी पेटी पाहून त्यांचा चेहरा उतरला. हातातली पिशवीही त्यांनी खाली ठेवली नाही. मालक सांगायला लागले, गंज असाच राहिला तर सगळा रंधा खाईल. मामांचं लक्षच नव्हतं. ते रंधा हिसकून फेकतील असं मला वाटलं. तरी मी तो त्यांच्यापुढं धरला.

"मामा, थोरल्यांची बोटं हायेत ह्याच्यावर."

त्यांनी रंधा घेतला आणि त्या डागांवर आपली बोटं ठेवून पाहिली. त्यांची बोटं जाड, बसली नाहीत. मालकांच्या हातातली कानस तशीच राहिली.

"तळ घास," शेवटी ते मालकांना म्हणाले. "काम तळाचं हाय. ही बाजू मी बघतो."

त्या बाजूला त्यांनी स्वतः मशीनचं तेल चोळलं. शाळेची दारं त्याच रंध्यावर झाली. रोज काम संपलं की मामा मालकांच्या हातातला रंधा मागून घेत, कोरड्या फडक्यानं घाम पुसत आणि तेलाचा हात फिरवून ठेवत.