पिलरवरचा माणूस

बावीस वर्षं मी औषधं विकली. विकली असं आपलं म्हणायचं. खरं तर डॉक्टरांच्या केबिनबाहेर बाकड्यावर बसून राहिलो. मुलुंडपासून पवईपर्यंतचा प्रत्येक दवाखाना, तिथली रिसेप्शनिस्ट आणि तिचा त्या दिवशीचा मूड मला पाठ होता. गळ्यात टाय, मांडीवर बॅग आणि तोंडावर हसू. "सर, फक्त दोन मिनिटं." डॉक्टर वैतागला तरी हसायचं, त्याने हाकललं तरी हसायचं. पंचेचाळिसाव्या वर्षी कंपनीने आमची अख्खी फळी घरी पाठवली, तेव्हा ते सांगायला आलेल्या मॅनेजरसमोरही मी हसलो. त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

बाकड्यावर बसून बसून एक नाद मात्र लागला होता. बॅगेत टेस्टर असायचा. दवाखान्यातला पंखा कुरकुरला, ट्यूब लुकलुकली की मी उठून बघायचो. दोन-तीन डॉक्टर माझी औषधं लिहायचे ती त्यांच्या पंख्यांमुळे, माझ्या बोलण्यामुळे नव्हे. बायको शाळेत शिकवते, घरी मोजकं बोलते. नोकरी गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, "तोंड चालवून झालं ना तुझं? आता हात चालव." मी वायरमनचा कोर्स केला, परवाना काढला आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी वीज कंपनीच्या एका ठेकेदाराकडे केबल दुरुस्तीच्या गँगमध्ये लागलो. ठेकेदाराच्या सुपरवायझरने स्पष्ट सांगितलं, "एक वर्ष बघू. जमलं तर जॉइंटरच्या हाताखाली शिकायला घेऊ. नाही जमलं तर घरी." सत्तेचाळिसाव्या वर्षी घरी म्हणजे कायमचं घरी, हे त्याने सांगायची गरज नव्हती.

नातेवाइकांना वाटलं मी खांबावर चढणार. एका मेव्हण्याने तर विमा काढलाय का, म्हणून विचारलं. आमच्या उपनगरांत बहुतेक वायरी जमिनीखाली आहेत, हे त्या गृहस्थाला जन्म मुलुंडात काढूनही माहीत नव्हतं. वीज गेली की रस्ता खोदायचा, खराब झालेली केबल शोधायची, तेवढा तुकडा कापून नवा जोडायचा. वर चढणं दूरच, मी वर्षभर खाली उतरत होतो. गटाराचं पाणी, कुजलेल्या पिशव्या, घुशी, आणि खड्ड्याच्या काठावर उभं राहून "कितना टाइम लगेगा" विचारणारे लोक.

गँगमध्ये सहा जण. पहिल्याच दिवशी माझं नाव पडलं डॉक्टर. ठेवलं ते आमच्या जॉइंटरने. केबलचे तुकडे जोडणारा तो जॉइंटर, म्हणजे गँगमधला खरा कारागीर. बाकीचे आम्ही खोदणारे, उचलणारे, राखण करणारे. जॉइंटर मालवणकडचा, माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान, विसाव्या वर्षापासून खड्ड्यात. तो मला तू म्हणायचा आणि मी त्याला तुम्ही. "डॉक्टरानु, पेशंट खड्ड्यात आसा, उतरा," असं चार लोकांत मुद्दाम अदबीने म्हणायचा आणि सगळे खिदळायचे. मी पाना चुकीचा दिला की तो पाना हातात न घेता नुसता माझ्याकडे बघत राहायचा. सही करताना माझा हात थरथरत नाही, पण केबलवरचं आवरण सोलताना थरथरतो, हे त्याने सगळ्यांना ओरडून सांगितलं होतं. मला तो अजिबात आवडत नव्हता. त्यालाही मी आवडत नव्हतो, आणि ते लपवायची तसदी त्याने कधी घेतली नाही.

त्या गँगची एक रीत होती, आणि ती मला पहिल्याच आठवड्यात घोटून शिकवली गेली. रस्त्याच्या कडेला वीज कंपनीच्या लोखंडी पेट्या असतात, त्यांना पिलर म्हणतात. तिथून सोसायट्यांना वीज जाते. जोडकाम सुरू करण्याआधी पिलरमधले तीन फ्यूज काढायचे. ते फ्यूज काढणाऱ्याच्या पिशवीत राहतात आणि तो माणूस पिलरसमोरून हलत नाही. जॉइंटर खड्ड्यात उतरण्याआधी मनगटावरचं घड्याळ काढतो, कारण धातू अंगावर नको. ते घड्याळ तो पिलरवरच्या माणसाकडे देतो. काम संपलं की जॉइंटर स्वतः चालत पिलरपाशी येतो आणि घड्याळ मागतो. त्याने घड्याळ मनगटाला बांधल्याशिवाय फ्यूज लागत नाही. फोनवर नाही, निरोपावर नाही, साहेबाच्या हुकमावरही नाही.

पिलरवर उभं राहणं हे गँगमधलं सगळ्यात कमी कष्टाचं काम. म्हणून ते मला मिळायचं, आणि म्हणूनच मला त्याचा राग होता.

अकरावा महिना चालू होता. मे महिन्यातली दुपार, मुलुंड पूर्वेची एक गल्ली. सकाळी सातपासून तीन सोसायट्या अंधारात, म्हणजे खरं तर पंख्याविना. खड्डा गल्लीच्या आत होता आणि पिलर कोपऱ्यावर, मेडिकलच्या दुकानाशेजारी. मधे इमारत असल्यामुळे पिलरवरून खड्डा दिसत नव्हता. मी फ्यूज काढले, जॉइंटरने घड्याळ माझ्या हातावर टाकलं आणि माझ्याकडे न बघता निघून गेला. घड्याळ मी शर्टाच्या खिशात ठेवलं.

साडेबारापर्यंत माझ्याभोवती पंधरा-वीस माणसं जमली होती. खड्ड्याशी त्यांना कोणी उत्तर देत नव्हतं, म्हणून ती माझ्याकडे आली. एक जण मोबाइलवर माझं शूटिंग करत होता. एक बाई म्हणाली, "बघा, हा नुसता उभा आहे. सकाळपासून नुसता उभा आहे." खोटं नव्हतं ते. सोसायटीचा सेक्रेटरी, हाफ पँट आणि गळ्यात चष्म्याची दोरी, बोट नाचवत म्हणाला, "चौथ्या मजल्यावर म्हातारी बाई ऑक्सिजनच्या मशीनवर आहे. काय झालं तर तुझं नाव देणार मी पोलिसांना. बिल्ला दाखव."

मी बिल्ला दाखवला. आणि हसलो. माझं तोंड आपोआप ते करत होतं. "सर, फक्त दोन मिनिटं," मी म्हणालो. बावीस वर्षांनी शिकवलेलं वाक्य. मला त्या क्षणी त्या सगळ्यांचा संताप येत होता, आणि तरी मी हसत होतो, मान हलवत होतो, त्यांना बरं वाटावं म्हणून धडपडत होतो.

तेवढ्यात वीज कंपनीच्या इंजिनीयर साहेबांचा फोन आला. ते दुसऱ्या साइटवर होते. "अरे, झालं असेल तर चालू कर ना, मला वरून फोनवर फोन येतायत." झालं असेल तर, असं ते म्हणाले होते. मी ते ऐकलं होतं, नीट ऐकलं होतं.

सेक्रेटरी म्हणाला, "झालंय की! तुमचा माणूस वर येऊन चहा पितोय. मी आत्ता डोळ्यांनी बघून आलो. पिवळं हेल्मेट, निळा शर्ट."

आमच्या सहाही जणांची हेल्मेटं पिवळी आणि शर्ट निळे. चहा पिणारा तो खोदणाऱ्यांपैकी एक होता, हे नंतर कळलं. पण मला वाटलं, जॉइंटर चहा पितोय, मुद्दाम मला इथे उन्हात शिव्या खायला ठेवलंय. हे त्याला शोभलंही असतं. इतका राग आला मला. शर्टाच्या खिशात घड्याळ होतं. मला ते छातीला टोचत होतं, असं लिहिलं तर छान वाटेल, पण खरं सांगायचं तर त्याची मला आठवणच झाली नाही. मला फक्त त्या वीस माणसांनी माझ्यासमोरून जावं असं वाटत होतं. हेल्मेटची काच घामाने धुरकटली म्हणून मी वर सरकवली, पेटी उघडली आणि पहिला फ्यूज लावला.

मोठा आवाज झाला. निळा-पांढरा जाळ पेटीतून बाहेर आला आणि मी मागच्या मागे फुटपाथवर बसलो. उजव्या हाताला ग्लव्हच्या वर भाजलं, भुवया आणि अर्धी मिशी गेली. जळलेल्या केसांचा वास येत होता. वीसच्या वीस माणसं क्षणात गायब झाली. मी मात्र त्या आवाजाकडे लक्ष न देता गल्लीकडे बघत होतो, कारण आता मला घड्याळ आठवलं होतं. मी माणूस मारला, एवढंच डोक्यात होतं.

मग तो कोपऱ्यावरून चालत आला. दोन्ही हात काळे, गुडघ्यांपर्यंत चिखल, अंगावर ओरखडासुद्धा नाही. तो ओरडेल, मारेल, असं मला वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो माझ्यासमोर उभा राहिला आणि त्याने हात पुढे केला.

"माजा घड्याळ दी."

मी दिलं. त्याने ते मनगटाला बांधलं. मेडिकलवाल्याकडून मलम आणून माझ्या मांडीवर फेकलं. मग माझ्याशेजारी फुटपाथवर बसला. मी रडत होतो, हे मला त्याने माझ्याकडे बघून नाकातून आवाज काढला तेव्हा कळलं.

"तुम्हाला काही झालं कसं नाही?" मी विचारलं.

तो म्हणाला, केबल कापल्यावर पिलरकडून येणाऱ्या टोकाच्या सगळ्या तारा त्याने क्लँपने एकत्र आवळून जमिनीत ठोकलेल्या सळईला बांधल्या होत्या. कोणी चुकून वीज सोडलीच तर ती माणसात न जाता जमिनीत जाते आणि फ्यूज उडतो. कोर्समध्ये हे शिकवतात. नियमच आहे तो. गँगमध्ये मात्र वेळ जातो म्हणून कोणी करताना मी पाहिलं नव्हतं.

"म्हणजे तुम्ही नियमाने करता," मी म्हणालो. मला त्याच्याबद्दल पहिल्यांदाच आदर वाटत होता.

"नियम कसलो?" तो म्हणाला. "एरवी मी नाय लावत रे. अकरा महिने लावतंय. तू पिलरार असलंस की लावतंय."

तो उठून इंजिनीयरला फोन करायला गेला. त्याने सगळं खरं सांगितलं, एक शब्द न वगळता: घड्याळ न देता फ्यूज लावला. मला वाचवायला तो थोडं खोटं बोलेल, असं मला कुठेतरी वाटलं होतं. तेही माझी जुनी सवय, कोणीतरी सांभाळून घेईल ही. चौथ्या मजल्यावरची म्हातारी सकाळी नऊलाच भांडुपला लेकीकडे गेली होती, हे संध्याकाळी कळलं. सेक्रेटरीला ते सांगायची गरज वाटली नव्हती.

मला घरी बसवलं. किती दिवस ते सांगितलं नाही. मी भाजलेला हात उशीवर ठेवून पडून राहायचो आणि त्या एका वाक्याने पेटायचो. अकरा महिने तो माणूस रोज खड्ड्यात उतरताना मी त्याला मारणार हे धरून उतरत होता. इतका अपमान माझा कोणत्याही डॉक्टरने केला नव्हता. आणि त्याचं बरोबर होतं, म्हणून तो अपमान गिळताही येत नव्हता. बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "त्याच्या घरी कोण कोण आहे?" मला माहीत नव्हतं. अकरा महिन्यांत मी विचारलं नव्हतं.

अठराव्या दिवशी त्याचाच फोन आला. "उद्या आठ वाजता ये. भांडुप." का बोलावलं, मी विचारलं. "पिलरार उभो रवाक कोण गावत नाय," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

भांडुपला गेलो. कोणी डॉक्टर म्हटलं नाही. मी फ्यूज काढले, पिशवीत ठेवले. तो आला, घड्याळ हातावर टाकलं, गेला. सगळं पूर्वीसारखं. पंधरा-वीस मिनिटांनी मी पिलर कुलूप लावून बंद केला. पिलर सोडायचा नाही ही रीत मी पुन्हा मोडत होतो, ते मला ठाऊक होतं. फ्यूजची पिशवी खांद्यावर, किल्ली मुठीत, आणि मी खड्ड्याकडे चालत गेलो.

तो खाली वाकून केबल सोलत होता. पिलरकडचं टोक नुसतं मोकळं पडलं होतं. क्लँप आणि सळई काठावर, पिशवीतच होती.

"हे का नाही लावलं?" मी विचारलं.

त्याने वर पाहिलं. "आता कशाक? आता तू फ्यूज लावचंस नाय. माका म्हायत आसा."

माझं डोकं फिरलं. मी आयुष्यात कोणावर इतक्या जोरात ओरडलो नसेन. समोरच्या चाळीतली माणसं बाहेर आली. "तुला काय माहीत आहे रे? मला माहीत नाही, तुला कुठून माहीत? परत वीस माणसं आली, परत कोणी म्हातारीचं नाव घेतलं, तर मी काय करीन हे मला सांगता येत नाही! आधी हे लाव. हे लावल्याशिवाय मी पिलरवर जाणार नाही." मी क्लँप त्याच्या अंगावर फेकला. तो त्याच्या खांद्याला लागला.

त्याने मला मालवणीत आईवरून एक शिवी हासडली. मग सळई ठोकली, तारा एकत्र केल्या आणि क्लँप आवळला. मी वाकून, हाताने ओढून पाहिला. घट्ट होता. मग मी पिलरवर गेलो.