चार गोत्रांचे मामा

“कसले कुलकर्णी?”

पद्माकरने अंबूबाईंना पहिल्यांदा पाहिलं ते बंगळूरच्या मत्तीकेरेतल्या त्यांच्या घराच्या दारात. ठेंगणी मूर्ती, चष्मा कपाळावर चढवलेला, हातात भातवाढणी. साल १९९२, जून महिना. साताऱ्याहून टाटा इन्स्टिट्यूटमध्ये संशोधनाला येऊन त्याला आठवडाच झाला होता, आणि इथे घरगुती मराठी जेवण मिळतं एवढ्याच ऐकीव माहितीवर तो आला होता.

“देशस्थ, ऋग्वेदी,” त्याने सवयीने सांगून टाकलं.

“ते तुमच्यापाशी ठेवा. विषय कुठला?”

“बेडूक.”

त्या हसल्या नाहीत. “बेडकांचं काय?”

“आवाज. कुठला बेडूक कुणाला हाक मारतो ते.”

“सरी, ठीक आहे. हात धुवून घ्या.” मग आत मुलीकडे वळून म्हणाल्या, “गौरे, बेडकांचे कुलकर्णी आलेत. पान वाढव.”

आत तीन कुलकर्णी आधीच आमटी ओरपत होते. सर्वांत वयस्कर ते ताऱ्यांचे. दुर्बिणीवर रात्र काढून आले की त्यांचा घास हातातच राही आणि डोळे मिटत. दुसरे शिळांचे, मिरजेचे. जुने शिलालेख वाचायचे. तिसरे धारवाडचे, लोखंडाचे. कुठला पत्रा किती ताणला की तुटतो याचा अभ्यास करणारे. एकाचं दुसऱ्याशी नातं नव्हतं. गावोगावचं दप्तर सांभाळणाऱ्याला कुलकर्णी म्हणत, तेव्हा जितकी गावं तितके कुलकर्णी. इन्स्टिट्यूटमध्ये कुणी पद्माकरला पोलादावरच्या निबंधाबद्दल शाबासकी दिली, की तोही आता अंबूबाईंच्याच भाषेत सांगे, “ते लोखंडाचे. मी बेडकांचा.”

अंबूबाई स्वतः माहेरच्या कुलकर्णी. आईवडिलांची एकुलती एक मुलगी, आणि आईवडीलही लवकर गेले. लग्न होऊन बंगळूरला आल्या त्या परत माहेरी गेल्याच नाहीत, कारण जायला कुणाचं दार नव्हतं. सासूबाई चिडल्या की म्हणत, “हिला सणाला पाठवायचं तरी कुठं?” पुढे नवरा गेला, गौरी शाळेत होती, आणि अंबूबाईंनी घरातच खानावळ काढली. पहिला कुलकर्णी जेवायला आला त्या दिवशी त्यांनी त्याला न विचारता तूप जास्त वाढलं. पुढे तो रिवाजच पडला. बाकीचे जेवणारे कुरकुरत, “अक्का, आम्ही काय पाप केलंय?” त्यावर त्या म्हणत, “आडनाव बदलून या.”

दुसऱ्याच वर्षी पद्माकरला कावीळ झाली. अंबूबाई दोन वेळा पथ्याचा डबा घेऊन त्याच्या खोलीवर जात, तो संपेपर्यंत समोर बसत आणि बेडकांविषयी काहीबाही विचारत, म्हणजे त्याचं लक्ष जेवणाच्या बेचवपणावरून उडावं. त्याची आई साताऱ्याला स्वतःच अंथरुणाला खिळलेली. तिला अंबूबाईंनी फोनवर सांगितलं, “तुम्ही घोर लावून घेऊ नका. इथं मी आहे.” ते वाक्य पद्माकरने पडल्या पडल्या ऐकलं होतं.

गौरीचं लग्न ठरलं ते छप्पन्न जणांच्या ओळखीपाळखीतून नव्हे, तर सरळ एका शेजारणीच्या सांगण्यावरून. मुलगा क्षितिज, पुण्याचा, इथे कॉम्प्युटर कंपनीत. त्याची आई प्रतिमाबाई बघायला आल्या. सगळं मनासारखं झालं, आणि निघताना त्यांनी सहज विचारलं, “गौरीचे मामा कुठे असतात?”

“इथंच की,” अंबूबाई म्हणाल्या. सासूबाईंचं ते जुनं बोलणं नेमकं त्याच क्षणी कानात वाजलं होतं.

“अरे वा. किती जण?”

“चार.”

दोन दिवस आमटीत मीठ नव्हतं. तिसऱ्या दिवशी ताऱ्यांच्या कुलकर्ण्यांनी वाटी बाजूला सारली. “अक्का, काय झालं?”

अंबूबाईंनी सगळं सांगितलं. “मुलीच्या सासरी पहिलाच शब्द खोटा गेला हो माझा. उद्या बाहेर पडलं तर ते गौरीला काय म्हणतील? जन्मभर ऐकवतील पोरीला.”

“खोटं कसं?” लोखंडाचे म्हणाले. “चार आहोत की नाही? मोजा री!”

झालं. चौघे मामा व्हायला बसले. गाव एकच ठरलं, वडिलांचं नाव ठरलं, लहानपणी कोण विहिरीत पडलं तेही ठरलं. धारवाडी हेलाचं काय? तर लोखंडाचे लहानपणी मावशीकडे वाढले. मामांनी नवरीला पिवळी साडी द्यायची असते, म्हणून चौघे चिकपेटच्या बाजारात गेले. शिळांच्या कुलकर्ण्यांचं कन्नड सगळं हजार वर्षांपूर्वीच्या दगडांवर शिकलेलं. त्यांनी त्यात घासाघीस केली तेव्हा दुकानदार गादीवरून उठून उभा राहिला. “सार, असं तर माझ्या आजोबांचे आजोबाही बोलले नसतील,” म्हणाला आणि स्वल्प उतरलाही.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी कल्याणमंटपात सीमांतपूजन झालं. क्षितिजचे काका विश्वासराव यांना एक सवय होती. पान जमवता जमवता समोरच्याचं गोत्र विचारायचं. चारही मामांशी त्यांनी वेगवेगळ्या वेळी गप्पा मारल्या, आणि जेवणं आटोपल्यावर ते मंटपाच्या मध्यभागी येऊन उभे राहिले.

“प्रतिमावहिनी, मोठे मामा म्हणतात काश्यप. दुसरे म्हणतात वसिष्ठ. तिसरे विश्वामित्र. आणि हे धाकटे,” त्यांनी पद्माकरकडे बोट केलं, “भारद्वाज. एका बापाचे चार मुलगे आणि गोत्रं चार? ही काय भानगड आहे?”

विहिरीत कोण पडलं ते ठरवणाऱ्या चार विद्वानांना गोत्र ठरवायचं सुचलं नव्हतं. अंबूबाईंनी तर ते कुणाला कधी विचारलंच नव्हतं. पद्माकरला वाटलं, जमीन दुभंगावी. गौरी खांबाला धरून उभी होती.

अंबूबाई पुढे आल्या. “भानगड माझी आहे. मला भाऊ नाही. हे चौघे माझ्याकडे जेवतात. आडनाव तेवढं माझ्या माहेरचं. खोटं मी बोलले, मुलीला यातलं काही बोलू नका.”

पद्माकरला कधी चारचौघांत धड बोलता येत नसे. तो उठला. “मी काविळीने मरायला टेकलो होतो. तेव्हा माझ्या आईला फोनवर यांनी सांगितलं होतं, इथं मी आहे म्हणून. मामा मी खोटा असेन. पण अक्का माझी बहीण आहे, ते खोटं नाही.”

प्रतिमाबाई उठल्या. मग दिराकडे वळल्या.

“भावजी, मला सख्खे भाऊ तीन. तिघांचं गोत्र एक. जमिनीवरून भांडले आणि गेली सहा वर्षं माझ्या दाराशी फिरकले नाहीत. आज मांडवात त्यातला एक तरी दिसतो का तुम्हाला?”

विश्वासरावांनी पान तोंडात टाकलं.

“विहीणबाई,” प्रतिमाबाई अंबूबाईंच्या जवळ आल्या, “उद्या अंतरपाटाच्या आमच्या बाजूलाही मामा लागेल. तुमच्याकडे चार आहेत. एक आम्हाला द्या.”

“कुठला हवा?” अंबूबाईंनी विचारलं.

“जागा राहील असा कुठलाही.”

सगळा मंटप हसला, कारण ताऱ्यांचे कुलकर्णी तेवढ्यात खुर्चीत डुलक्या घेऊ लागले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजींनी मामांना हाक मारली, तेव्हा पिवळ्या साडीतल्या गौरीला तिघांनी मिळून आणलं. अंतरपाटापलीकडे क्षितिजच्या मागे लोखंडाचे कुलकर्णी छाती काढून उभे होते. मंगलाष्टकं संपेपर्यंत पद्माकरला समोरचं धड दिसत नव्हतं, आणि अक्षता पडल्या तेव्हा त्याच्या मनात दुसरं काही नव्हतं, फक्त तो फोन होता.

ही गोष्ट १९९६ची. खानावळ आता बंद आहे. अंबूबाई मारतहळ्ळीला गौरीजवळ राहतात. गुडघे वाकत नाहीत, म्हणून भाऊबीजेला त्या चौघांना पाटावर न बसवता खुर्च्यांवर बसवून ओवाळतात.