चेंडूवरचा उखाणा

माझ्या हातात कला नाही हे मला शाळेतल्या शिवणाच्या तासालाच कळलं होतं. मी रुमालावर भरलेला गुलाब बाईंनी वर्गाला दाखवला आणि कोबी छान जमलाय म्हणाल्या. तरीही गेल्या हिवाळ्यात आमच्या गावच्या, म्हणजे आयर्लंडमधल्या मेयो परगण्यातल्या कासलबारच्या वाचनालयात जपानी भरतकामाचे चेंडू शिकवणार आहेत असं कळल्यावर पहिलं नाव नोंदवलं ते मी. एक नाही, दोन नावं. दुसरं आईचं, तिला न विचारता.

बाबा गेले त्यानंतर मी आईला सांगलीहून इकडे घेऊन आले. नवरा हॉस्पिटलात नोकरीला, मी वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात, आणि आई दिवसभर खिडकीशी. ही बाई मुळात गप्प बसणाऱ्यांतली नव्हे. आमच्याकडे कुठलंही डोहाळजेवण असो, बारसं असो, उखाणे सुरू झाले की बाकीच्या बायका आढेवेढे घ्यायच्या आणि आई पदर खोचून तयार. एका उखाण्यावर तिचं कधी भागायचं नाही. बाबांना ती एरवी 'अहो' म्हणायची. त्यांचं नाव तिच्या तोंडून यायचं ते फक्त उखाण्यात, आणि ते तिला मिरवायला फार आवडायचं.

बाबा गेल्यानंतर आम्ही दोघी इकडच्या एका मराठी घरी डोहाळजेवणाला गेलो होतो. उखाण्यांची पाळी बायकाबायकांतून फिरत आईपर्यंत आली आणि कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "चला, चला, चहा गार होतोय." पाळी तिला ओलांडून पुढे गेली. नवरा गेलेल्या बाईला नाव घ्यायला सांगत नाहीत, एवढंच. मी शेजारीच बसले होते. मनातल्या मनात मी समाजाला असं काही फैलावर घेतलं की विचारू नका. तोंडानं मात्र साखर मागितली. त्या दिवसापासून आई कामापुरतंच बोलायला लागली, आणि मला तिची बडबड परत हवी होती. त्यासाठी मी चेंडू भरायला तयार होते, म्हणजे बघा.

वर्ग वाचनालयाच्या मागच्या खोलीत. शिकवणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका, तरुणपणी काही वर्षं जपानात राहिलेल्या. तिकडे या चेंडूंना तेमारी म्हणतात. जुन्या कपड्यांच्या चिंध्यांचा गोळा करायचा, त्यावर लोकर गुंडाळायची, मग बारीक दोरा, इतका की आतलं काही दिसता कामा नये. टाचण्या लावून गोलाचे सारखे भाग पाडायचे आणि त्यावर रंगीत रेशमानं भरत जायचं. पूर्वी आया आपल्या पोरांसाठी घरातल्या चिंध्यांचे असे चेंडू करत, असं बाईंनी सांगितलं. आईला इंग्रजी कळतं, बोलायचा कंटाळा आहे. ती माझ्या कानाशी म्हणाली, "म्हणजे गोल गोधडीच की." बऱ्याच दिवसांत तिनं स्वतःहून काढलेलं ते पहिलं वाक्य होतं. मी इतकी हरखले की माझी सुई टेबलाखाली गेली.

आईनं घरून जुने मोजे आणले होते. मी चिंध्यांच्या भानगडीत पडले नाही. कारखान्यात माझं काम म्हणजे दुसऱ्यांच्या चुका मोजणं, त्यामुळे मी थर्माकोलचा तयार गोळा मागवला आणि सोबत व्हर्नियर कॅलिपर नेला. दोरा गुंडाळून झाला की मोजायचं, एका बाजूला केसभर फुगवटा आला की सगळं उसवायचं. माझ्या शेजारी एक म्हातारी आयरिश बाई बसायची, नवऱ्यामागे एकटी राहणारी. तिनं दोन आठवडे हे बघितलं आणि मग विचारलं, "हा कुणाच्या हृदयात बसवायचाय का?" आईनं हसू दाबलं. मी कॅलिपर पर्समध्ये ठेवला.

खरी गंमत पुढे. बाई म्हणाल्या, पुढच्या वेळी प्रत्येकीनं आपल्या भाषेतली एक कविता आणायची, वाचून दाखवायची, आणि त्या कवितेचे रंग चेंडूवर उतरवायचे. नंतर सगळे चेंडू वाचनालयाच्या खिडकीत मांडणार, शेजारी कार्डावर कविता. हे ऐकून माझ्यातली साहित्यिका जागी झाली. कॉलेजात असताना मी कविता करायचे. त्यांतली सगळ्यांत दुर्बोध मी शोधून काढली. तीत राख होती, धुकं होतं, 'मी'चं विघटन होतं. नेमकं कशाचं काय होत होतं ते तेव्हाही मला ठाऊक नव्हतं. आईला काय कविता येणार, असं धरून मी तिच्यासाठीही माझीच एक काढून ठेवली, जरा सोपी, तिला झेपेल अशी.

वाचनाच्या दिवशी मी माझी कविता आधी मराठीत वाचली आणि मग तिचं इंग्रजी सांगितलं. सगळ्या आपापल्या सुईकडे बघायला लागल्या. मला वाटलं, भारावल्या. बाई जपून म्हणाल्या, "म्हणजे करडा रंग."

मग आईची पाळी आली. मी दुसरा कागद उघडत म्हटलं, आईच्या वतीनं मीच वाचते. आईनं माझा हात बाजूला केला. "मला येतंय की," ती म्हणाली, आणि खुर्चीवरून उठली. पदर नव्हता, वर माझं जाड जॅकेट होतं, पण हात पदर खोचायच्या जागी गेलाच.

"निळ्या शालूला पिवळा काठ, पदरावर नाचतो मोर..."

आणि थांबली. पुढची ओळ मला पाठ होती. तिच्या सुरुवातीला बाबांचं नाव होतं. तिला रडू येईल, या परक्या बायकांपुढे तिचं कसं होईल, या विचारानं मी घाईघाईनं इंग्रजीत सांगून टाकलं की ही एका साडीवरची कविता आहे, निळी साडी, पिवळा काठ, संपली. वर "लव्हली, ना?" असंही म्हटलं. चहा गार होतोय म्हणणाऱ्या बाईहून मी काय वेगळं केलं, ते मलाही तिथंच कळलं.

आई माझ्याकडे वळली. "अर्धंच सांगितलंस की गं," ती म्हणाली.

माझी कविता दुर्बोध होती, पण हे समजावणं त्याहून अवघड होतं. अडखळत सांगितलं की आमच्याकडे बायका पूर्वी नवऱ्याला नावानं हाक मारत नसत. समारंभात मात्र दोन ओळी रचून त्यांत ते गुंफून घ्यायचं असतं, आणि आईच्या कवितेत नेमकं ते राहिलंय. पुढचं काही सांगायची वेळच आली नाही. शेजारची म्हातारी खुर्ची ओढून पुढे सरकली. इकडच्या बायका नवऱ्याचा उल्लेख 'हिमसेल्फ' असा करतात, आपल्या 'आमचे हे' सारखा. तिनं आईलाच विचारलं, "मग हिमसेल्फचं नाव काय होतं?"

तिला आमचे नियम ठाऊक नव्हते. तिला फक्त नाव हवं होतं. आईला असं कुणी विचारल्याला वर्ष उलटून गेलं होतं, आणि विचारायला मेयोतली एक म्हातारी लागली, आईची शिकलीसवरलेली मुलगी नव्हे.

आईनं घसा साफ केला आणि पहिल्यापासून म्हटलं, खणखणीत, मांडवात म्हणावं तसं:

"निळ्या शालूला पिवळा काठ, पदरावर नाचतो मोर,
—राव साधेभोळे, अन् मीच झाले शिरजोर."

शिरजोरचा अर्थ मी सांगितल्यावर टेबलाभोवती हशा उसळला. "माझ्याही घरी तसंच होतं," म्हातारी म्हणाली आणि तिनं तिच्या नवऱ्याचं नाव सांगितलं. मग सगळ्यांनी आळीपाळीनं बाबांचं नाव म्हणून पाहिलं. इतकं चुकीचं ते जन्मात कुणी उच्चारलं नसेल. आई प्रत्येकीला दुरुस्त करत होती, परत परत, नाव घेत होती. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. मी रडत होते. सुई टोचली असं सांगितलं.

त्या संध्याकाळपासून घरात आईच्या बडबडीनं माझं डोकं उठलंय. वर्गातली ती म्हातारी रविवारी चहाला येते आणि दोघी नवऱ्यांची गाऱ्हाणी करतात, अर्धी मराठीत, अर्धी इंग्रजीत. माझ्यावाचून त्यांचं काही अडत नाही.

चेंडू आता खिडकीत आहेत. आईचा निळा, पिवळ्या पट्ट्याचा, एका अंगाला कललेला. मोराची कोंबडी झाली आहे, पण रुबाबदार. माझा करडा, अत्यंत गोल. परवा एका गृहस्थानं तो निरखून विचारलं, हे मेयोचं हवामान का? मी हो म्हटलं.

आईच्या चेंडूचं कार्ड मी लिहिलं, उखाणा देवनागरीत, खाली इंग्रजीत अर्थ. नावाच्या जागी बाबांचं नाव लिहायला घेतलं तर आईनं पेन धरलं. "तिथं रेघच ओढ," ती म्हणाली. "नाव लिहायचं नसतं, घ्यायचं असतं. लोक विचारतील की." आणि लोक विचारतात. गुरुवारी ती मुद्दाम वाचनालयात जाऊन बसते, खिडकीजवळच्या खुर्चीवर.

म्हणून इथंही मी रेघच ओढली आहे.