साय आणि हस्तिदंती

रंगारीकाका परवा सोमवारी मुकादमाच्या कामावर एका इमारतीच्या सहाव्या मजल्याला बाहेरून रंग लावायला परांचीवर चढणार आहेत. कालपासून हाच विचार उगाळून मी थकले, तरी तो डोक्यातून जात नाही.

वीस वर्षं आमच्या भिंतींना दुसऱ्या कुणाचा ब्रश लागलेला नाही. माणूस मोजकं बोलणारा, हाताचा चोख. डब्यावरचा नंबर ते बघत नाहीत. डबा उघडला की रंगात अंगठा बुडवून झाकणावर ठसा उठवतात. तीच त्यांची खूण. म्हणतात, "नंबर पुसला जातो ताई, रंग खोटं बोलत नाही."

या वेळी लेकीच्या खोलीसाठी घोडं अडलं ते साय आणि हस्तिदंती या दोन रंगांवर. काकांनी खिडकीजवळ दोन्हींचे हातभर पट्टे मारले.

"आई, सारखेच तर आहेत. उगाच कीस पाडतेस," लेक म्हणाली.

पण हस्तिदंतीत पिवळी झाक होती. साय ठरली.

काल संध्याकाळी बघते तर तीन भिंती साय, चौथी हस्तिदंती.

"काका, ही वेगळी दिसतेय."

"ओली आहे. सुकली की येईल."

ती दुपारीच सुकली होती. मी दोन्ही झाकणं त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती उजेडात नेली, जवळ धरली, लांब धरली. मग खालीच बसले.

"वर्ष झालं. सगळं धुरकट दिसतं. शिडीच्या पायऱ्या पायानं चाचपतो."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"ऑपरेशन. म्हणजे महिनाभर घरी. मुकादम काय माझी आरती करत बसेल? दुसरा धरेल." मग म्हणाले, "माझ्या मुलीला सांगू नका. शिडी जाळेल माझी."

मी शब्द दिला. मग मी डबा बघून द्यायचा आणि त्यांनी लावायचा, अशी ती भिंत पुन्हा झाली.

"शब्द दिलास ना? मग गप्प बस," लेक म्हणते. खरंय तिचं. काका चिडतील, कदाचित पुन्हा आमची पायरी चढणार नाहीत. न चढोत. आमच्या भिंती कुणीही रंगवेल.

मागे काकांचा फोन बिघडला होता, तेव्हा त्यांच्या मुलीनं स्वतःचा नंबर दिला होता. उद्या रविवार, ती घरी असेल. सकाळी उठल्यावर पहिला फोन तिलाच करणार आहे.