स्टेनोबाईंची उलटतपासणी

कोर्टात त्यांना सगळे स्टेनोबाईच म्हणत. सत्तावीस वर्षं एकच इमारत, न्यायाधीश साहेबांच्या उंच टेबलाच्या डाव्या हाताला एकच खुर्ची. साहेब बदलत गेले, टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आला, बाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. साक्षीदाराने बोलायचं, साहेबांनी त्यातलं हवं ते सांगायचं आणि बाईंच्या बोटांनी ते उतरवायचं.

इतकी वर्षं खोटं ऐकून बाईंचा कान तयार झाला होता आणि हा कान घरी जाताना कोर्टात काढून ठेवता येत नसे. भाजीवाल्याने आपण होऊन चार मिरच्या जास्त घातल्या, तर घरी आल्यावर पिशवीतला टोमॅटो न् टोमॅटो उलटून बघितला जाई. नवरा शाळेच्या बसवर ड्रायव्हर, मवाळ माणूस. तो म्हणायचा, "हिच्यासमोर शिंकायचं तरी दोन साक्षीदार हवेत."

गेल्या वर्षी एका दुपारी पिंजऱ्यात एक म्हातारी उभी होती. वकिलांनी विचारलं, "मग इतकी वर्षं तुम्ही हे कुणाला सांगितलं का नाही?" म्हातारीने तोंड उघडलं, मिटलं आणि ती रडायला लागली. शिपायाने पाणी आणलं, तेही तिला जाईना. भिंतीवरच्या घड्याळात सहा मिनिटं गेली. साहेब म्हणाले, "लिहा, साक्षीदार काही वेळ थांबली."

बाईंनी लिहिलं. चार शब्द. पुढचं वाक्य आलं आणि उजव्या हाताची बोटं हलेनात.

त्या दिवशी हातात गोळा आला असं सांगून निभावलं. पण पुढच्या आठवड्यात एका बापाचा आवाज फाटला, तेव्हा पुन्हा तेच. मग हे नेहमीचंच झालं. पिंजऱ्यातला माणूस गहिवरला की इकडे बोटं लाकडासारखी ताठ. हेडक्लार्क चार दिवस बघत राहिला आणि मग म्हणाला, "बाई, थोडे दिवस आतल्या खोलीत कागदांच्या नकला करा. विश्रांती मिळेल." बाईंनी मान डोलावली, पण मनात म्हणाल्या, गोड बोलून खुर्ची काढतायत.

धाकटी बहीण एका दवाखान्याच्या लॅबमध्ये कामाला होती. तिने तिथल्या डॉक्टरांचा नंबर लावून दिला. हाताचे, मानेचे फोटो झाले, नसांची तपासणी झाली.

"नसा उत्तम आहेत," डॉक्टर म्हणाले. "हाताला काही झालेलं नाही."

"म्हणजे डोक्याला झालंय, असंच ना?"

"मी तसं म्हटलं नाही."

"सरळ म्हटलं नाहीत."

डॉक्टर हसले आणि एका चिठ्ठीवर फोन नंबर लिहून दिला. एक बाई आहेत, समुपदेशन करतात, स्वतःची खाजगी जागा आहे, एकदा बोलून बघा. चिठ्ठी तयारच होती की काय, इतक्या चटकन ती हातात आली. इथे नक्की कुठेतरी पाणी मुरतंय, असं बाईंच्या मनाने घेतलं. पायऱ्या उतरता उतरताच त्यांनी बहिणीला फोन लावला.

"तू त्यांना आधी काही सांगितलं होतंस का?"

"काय सांगणार ताई?"

"मला काय माहीत? म्हणून तर विचारतेय."

"अगं, मी फक्त नंबर लावला."

बाईंनी फोन ठेवला. 'फक्त' हा शब्द त्यांना कधीच आवडत नसे. कोर्टात तो बहुतेक वेळा खोटं बोलणाऱ्याच्याच तोंडी असतो.

चिठ्ठी तीन आठवडे पर्समध्ये पडून राहिली. मग एके दिवशी बाई साहेबांकडे कागद द्यायला कोर्टाच्या दालनात गेल्या, तर बाईंच्या खुर्चीत एक नवी मुलगी बसली होती आणि तिने खुर्ची आपल्या उंचीला वर करून घेतली होती. त्या रात्री बाईंनी पर्समधून चिठ्ठी बाहेर काढली. पण बाई लगेच जाणाऱ्यातल्या नव्हत्या. आधी जागेची पाहणी.

शनिवारी त्या पत्त्यावर गेल्या. चष्म्याचं दुकान, शेजारून जिना, वर एक खोली. समोर बसथांब्यावर बाई दोन तास बसल्या. तीन माणसं वर गेली. एक रडून लाल झालेल्या डोळ्यांनी उतरली, एक फोनवर हसत, आणि एक छत्री घेऊन वर गेला तो रिकाम्या हाताने खाली आला. इथे माणसं वस्तू विसरतात, एवढी नोंद बाईंनी केली आणि दुकानात शिरल्या.

"वर काय आहे हो?"

"मॅडम बसतात. लोक बोलायला येतात."

"कशाबद्दल?"

"ते मला कसं कळणार? वरचं खाली ऐकू येत नाही."

बाईंना जरा बरं वाटलं. रस्त्यावर आल्यावर मात्र मनात आलं, ऐकू येत नाही हे याला कसं कळलं? म्हणजे कान लावून बघितलाच असणार.

शेवटी कोर्टाच्या फोनवरून, दुसरंच नाव सांगून, त्यांनी मंगळवारची पाचची वेळ घेतली. घरी सांगितलं, दातांच्या डॉक्टरकडे जायचंय.

"कुठला दात?" नवऱ्याने विचारलं.

"मागचा."

वरची खोली लहानशी होती. दोन खुर्च्या, एक खिडकी, कोपऱ्यात लोखंडी कपाट. बाईंनी दाराकडे तोंड करून असलेली खुर्ची धरली. समोरच्या समुपदेशक बाई चाळिशीतल्या, केस कानांशी पांढरे, मांडीवर वही. स्टेनोबाईंनी पर्समधून आपली वही आणि टोक केलेली पेन्सिल काढली.

"तुम्ही लिहिणार असाल तर मीही लिहिणार."

"लिहा की."

आणि बाईंनी उलटतपासणी सुरू केली. शिक्षण कुठे झालं, प्रमाणपत्र कुठे आहे, नोंदणीचा नंबर काय. भिंतीवरचं प्रमाणपत्र त्यांनी उठून जवळ जाऊन वाचलं. ही वही कुठे ठेवता? त्या कपाटात. किल्ली? माझ्याकडे, एकच. वहीवर नाव? नाव नसतं, आकडा असतो.

"डॉक्टरांना काय कळवणार?"

"तुम्ही आलात एवढंसुद्धा नाही. तुम्हीच सांगितलंत तर कळवेन."

"एका चिठ्ठीमागे त्यांना काय मिळतं?"

"माझ्याकडून काही नाही."

पेन्सिल शॉर्टहँडमध्ये भराभर धावत होती. हात कुठे अडखळत नव्हता, कारण समोरचीचा आवाज एकदाही कापला नव्हता. अखेर बाईंनी मुख्य प्रश्न टाकला.

"म्हणजे मी इथे बोलेन त्यातलं काहीही, कधीही, कुणालाही कळणार नाही. तसं लिहून द्या."

"ते नाही देता येणार."

बाईंनी मान वर केली.

"तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं, तर मला गप्प बसता येणार नाही. आणि उद्या कोर्टाने बोलावलं तर मी नको म्हणून सांगून बघेन, पण पुढचं माझ्या हातात नाही. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. चार वेळा येऊन बघा. नाही पटलं तर दुसऱ्या दोघांची नावं देईन."

बाईंनी हेही वहीत उतरवून घेतलं. विचारावं त्याला होय म्हणणारा साक्षीदार त्यांनी हजार वेळा उतरवला होता. मधेच कुठेतरी "हे मला सांगता येणार नाही" म्हणणारा क्वचित भेटे, आणि निदान अर्धा तरी खरा निघे. तरी आलेलं गिऱ्हाईक दुसऱ्याकडे पाठवायची ही कुठली तऱ्हा, ते त्यांना उमगेना.

"आज मला काही सांगायचं नाही," त्या म्हणाल्या.

"चालेल."

दारापर्यंत जाऊन बाई वळल्या. "मी नाव खोटं सांगितलंय."

"बरं. खरं सांगावंसं वाटेल तेव्हा सांगा."

घरी बाईंनी शॉर्टहँडमधलं सगळं साध्या लिपीत उतरवून काढलं आणि तीन वेळा वाचलं. कुठे खोट सापडेना. त्यामुळे संशय उलट वाढला. इतकं स्वच्छ बोलणं म्हणजे तालीम केलेली असणार. तरीही पुढच्या मंगळवारी त्या गेल्या आणि त्याच्या पुढच्याही. तिसऱ्या खेपेला खरं नाव सांगितलं, म्हातारीचं सांगितलं आणि मग कुणी विचारलेलं नसताना आईवर आल्या.

आई शेवटची दोन वर्षं त्यांच्याकडे होती. खिडकीशी बसून असायची. बाई कामावरून येत, तिचं औषध बघत, गादी झटकत. तिच्या मनात काय चाललंय, हे जगाचं खोटं पकडणाऱ्या बाईंनी एकदाही विचारलं नाही. आई गेली तेव्हा बाई एका निकालपत्राची सात पानं टाइप करत होत्या. निरोप आल्यावरही त्यांनी उरलेलं पान पुरं केलं. पाचव्या दिवशी कामावर हजर.

हे सांगताना पेन्सिल बोटांत अडकून राहिली. समोरच्या बाईही लिहीत नव्हत्या. कुणी पाणी मागवलं नाही, पुढे बोला म्हटलं नाही. बाई रडल्या आणि रडता रडता चोरून समोर बघत राहिल्या, ही घड्याळाकडे बघते का म्हणून. तिने बघितलं नाही.

दोन महिन्यांनी एका संध्याकाळी नवरा चहा पिता पिता म्हणाला, "दातांचे डॉक्टर चष्म्याच्या दुकानावर कधीपासून बसायला लागले?"

"तुम्ही माझ्या मागे आलात?"

"चष्म्याची दांडी तुटली होती. तू जिना उतरताना दिसलीस. तीन आठवडे झाले."

"आणि तीन आठवडे गप्प बसलात?"

"तुला विचारायचं म्हणजे तयारी करून यावं लागतं."

"काय वाटलं तुम्हाला?"

"वाटलं, काही मोठं दुखणं लपवतेयस. नाहीतर..."

"नाहीतर काय?"

"काही नाही."

हे मात्र खोटं होतं. बाईंच्या कानाने ते तिथल्या तिथे पकडलं. त्यांनी पुढे खोदलं नाही. कप बाजूला सारून हाताचं, म्हातारीचं, आईचं, सगळं सांगितलं. नवरा ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "तुझी आई माझ्याशी बोलायची. बसमधली पोरं काय काय करतात, ते विचारायची." बाईंना हे ठाऊक नव्हतं.

हात सुटायला आठ-नऊ महिने गेले. अजूनही कधी करंगळी अडते. खुर्ची अर्धी परत मिळाली. आठवड्याचे तीन दिवस त्यांचे, बाकीचे त्या नव्या मुलीचे. बहिणीला त्यांनी अजून काही सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती म्हणेल, बघ, मी म्हटलंच होतं, आणि तिने तसं काहीच म्हटलेलं नव्हतं.

मंगळवार चालू आहे. शाळा सुटल्यावर नवरा कधीकधी रिकामी बस घेऊन येतो आणि जिन्याखाली ती लावून आत डोळे मिटून बसतो. झोपलो होतो, वाट नव्हतो बघत, म्हणतो. बाईंचा त्यावर विश्वास नाही.