दाजींचा शेरा

चूक खुद्द देवाची असली तरी तिच्यावर शेरा मारण्याचा हक्क आपला, अशी आमच्या दाजींची ठाम समजूत होती. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, नव्वदच्या दशकात कोपरगावला सहकारी संस्थांचे निबंधक. आलेल्या लग्नपत्रिकेवर ते लाल पेनानं 'मुहूर्त गैरसोयीचा, जेवणं उशिरा' असं लिहून ठेवत. आमटीचा भुरका मारून 'चव ठीक, मीठ विचाराधीन' असं तोंडी नोंदवत. एकदा शिर्डीच्या पेढ्यांच्या पुड्यावर 'वजन तपासावे' असं लिहून त्यांनी तो देव्हाऱ्यात ठेवला, तेव्हा ताई कडाडली, "अहो, निदान बाबांपुढं तरी साहेबपणा नको!"

गंमत अशी, की कचेरीत या गृहस्थाचे हात बांधलेले. संस्थेनं दिलेले कागद जसेच्या तसे दप्तराला लावायचे. धडधडीत खोटं दिसलं तरी त्यावर टिंबसुद्धा द्यायचं नाही. मग वरून परिपत्रक आलं, की चौकशी करून निबंधकानं नोंदीशेजारी खरी हकीकत लिहावी. दाजींनी कचेरीभर जिलेबी वाटली. ताई म्हणाली, "झालं! माकडाच्या हाती कोलीत."

पहिलंच प्रकरण आलं जवळच्या खेड्यातल्या एका बाईंचं. बुडालेल्या दूध संस्थेनं महिलांची राखीव जागा भरायला त्यांचं नाव परस्पर संचालक म्हणून घातलं होतं. कागदावर झोकदार सही, आणि बाई अंगठा लावणाऱ्या! गाव त्यांना चोर म्हणू लागलं, लेकीची ठरलेली सोयरीक अडली. चौकशी झाली, पण दाजींना शेरा काही सुचेना. पेन उघडायचे, मिटायचे. आमटीबद्दल चकार शब्द नाही. ताई तर घाबरूनच गेली. मला म्हणाले, "बाईची अब्रू आहे रे. एक शब्द इकडचा तिकडं झाला तर लोक त्यातच खोट काढतील."

शेवटी लिहिलं. बाई लेकीच्या होणाऱ्या सासऱ्यांना घेऊन आल्या, तेव्हा मी कचेरीतच होतो.

"माजं नाव खोडत का न्हाई, सायेब?"

"खोडायचा अधिकार नाही, बाई. शेजारी खरं लिहायचा आहे."

"मग मोठ्यानं वाचा. लोक लई मोठ्यानं बोलल्यात मला."

दाजी उभे राहिले. "यांचे नाव यांना न विचारता घातले आहे. संस्थेच्या कारभाराशी यांचा काहीही संबंध नाही." शेवटचे शब्द अडखळले, म्हणून ते वाक्य त्यांनी पुन्हा वाचलं. सासरे उठले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "चला, विहीनबाई. यष्टी चुकंल."

ती माणसं गेल्यावर दाजींनी खिडकीकडं तोंड करून रुमालानं डोळे पुसले. दाजींना जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. दुसऱ्याबद्दल वाईट लिहिताना खुलणारे साहेब मी खूप पाहिले. चांगलं लिहून रडलेले हे एकटेच, आणि मला त्यांची फार आठवण येते.