वजिफ्याच्या अर्जातलं वय

एम. ए. करायचं तर हैदराबादेत राहावं लागे, आणि तिथं राहायला पैसा लागे. माझ्याकडे पैसा सोडून बाकी सगळं होतं. बी. ए.ला बरे गुण होते, इतिहासाच्या प्राध्यापकांची मर्जी होती, आणि कारण नसताना ताठ वागायची खोडही होती. शिकवण्यांवर पोट भरत बी. ए. करायला मला सहा वर्षं लागली होती. तसं पुन्हा करायची ताकद नव्हती.

प्राध्यापक म्हणाले होते, नाव घाल, शिलालेखांच्या नकला उतरवायचं काम मी देतो. त्यात खोलीचं भाडं निघालं असतं. दोन वेळचं जेवण आमच्या लिंगायतांच्या मठात मिळालं असतं. फी आणि पुस्तकं मात्र सरकारी वजिफ्यातूनच, म्हणजे शिष्यवृत्तीतूनच, व्हायची होती. तीन दगडांच्या चुलीसारखा मामला होता, एक दगड सरकला की भांडं कलंडणार.

आणि वजिफा पंचविशीच्या आतल्यांनाच. शाळेच्या दाखल्याप्रमाणे मी सव्वीस वर्षांचा होतो.

दाखला खोटा आहे, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. आमच्या चारठाण्यात पोराचं वय कोण विचारतो? मास्तर पोराला उभं करायचे, उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावायचे. कान हाताला लागला की पोर सात वर्षांचं, शाळेत घेतलं. माझे हात पहिल्यापासून लांब. चार वर्षांच्या पोराला मास्तरांनी सातचं करून टाकलं, असं मी मित्रांना हसत सांगत असे. कारण घरीदारी मला 'मानमोडीचं पोर' म्हणत. मानमोडीच्या साथीत गावात घरटी एक माणूस गेलं, त्या साली मी जन्मलो. त्या हिशेबानं मी तेवीस वर्षांचा.

जिंतूरच्या तहसिलीतला पेशकार म्हणजे तिथला वरचा कारकून. वयस्क, पान खाणारा, बोलायला मऊ माणूस. तो म्हणाला, वडील हयात नाहीत तर आईला आणा, तिनं शपथेवर साल सांगितलं की दाखला दुरुस्त होतो. मी माईला बैलगाडीत घालून जिंतूरला नेलं. वाटेत तिला काय सांगायचं ते दोनदा सांगितलं. ती नुसती हं म्हणाली. मला वाटलं कचेरीला भ्यायली असेल.

पेशकारानं कागद आधीच उर्दूत लिहून ठेवला होता. फक्त तिचा अंगठा राहिला होता. तो म्हणाला, "अम्मा, शपथ घेके बोलो, ये लडका मानमोडी के साल पैदा हुआ?"

माईनं गळ्यातलं इष्टलिंग काढून तळहातावर घेतलं. तसं करायला तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"न्हाई," ती म्हणाली. "मानमोडीत झालेलं ते धाकलं. सातव्या दिवशी गेलं. ह्यो तवा तीन वर्साचा व्हता."

मी म्हणालो, "माय, नीट आठव."

"काय आठवू? दोगं बी माझेच हायेत."

पेशकारानं लेखणी खाली ठेवली. "सोच के बोलो अम्मा," तो हळूच म्हणाला. त्याचं भलेपण असं की त्यानं तिला आणखी एकदा विचारलं. ती तेच बोलली. मग त्यानं कागदाची घडी करून पायाशी टाकली आणि माझ्याकडे न बघता पुढच्या माणसाला बोलावलं.

मला भाऊ होता हे मला त्या कचेरीत, चार अनोळखी माणसांसमोर कळलं. पण खरं सांगतो, त्या घडीला मला भावाचं काही वाटलं नाही. मला वजिफा गेल्याचं वाटलं.

गाडीत बसल्यावर मी भडकलो. "लोक मला मानमोडीचं पोर म्हणायचे तवा गप बसलीस. आजच खरं आठवलं? खोटं बोलली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"लोकाईनं म्हनलं, मी मना केलं न्हाई," ती म्हणाली. "तेवढाच त्याचा विषय निगायचा."

"आन आज?"

"आज लिवून घ्यायले व्हते." ती पदरानं लिंग पुसत होती. "त्याचं बारसं झालं न्हाई, नाव न्हाई. एक साल तेवढं व्हतं त्याचं. ते बी काडून तुला दिऊ?"

मी बैल हाकले. घरी गेल्यावर प्राध्यापकांना दोन ओळी लिहिल्या, वय जास्त भरलं, येणं होत नाही. त्यांचं उत्तर आलं नाही. पुढं जिंतूरच्या शाळेत मास्तर लागलो आणि तिथंच राहिलो.

सबंध पावसाळाभर मी माईशी बोललो नाही. तिनंही मनधरणी केली नाही, ताट वाढायची आणि बाजूला बसायची. ती चुकली नव्हती, हे मला तेव्हाही कळत होतं. सात दिवस जगलेल्या पोराजवळ दुसरं काहीच नव्हतं. तरी मला त्याचं ते साल हवं होतं, आणि आज कुणी हवं का विचारलं तरी मी नको म्हणणार नाही.